उणे ऐंशी

बिराजदार मॅडमच्या निरोपसमारंभात
वर सभागृहात चौथं भाषण चालू होतं
तेव्हा फ्रीजरचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला.
उणे बहात्तर. मग उणे अडुसष्ट.
लातुरात सकाळपासून लाइट नाही,
जनरेटरचं डिझेल कोणी भरायचं
यावर दोन विभागांचा पत्रव्यवहार चालू.

मी गुरांच्या दवाखान्यात गाडी घातली.
वळूंच्या कांड्या ठेवायला तिथं नायट्रोजन असतो.
कंपाउंडर म्हणाला, "माणसांच्या दवाखान्याला कशाला नेऊलालास?"
मी म्हटलं, "झोप आहे. वितळूलालीय."

चार हजार एकशे नळ्या.
वर नाव नाही, गाव नाही. आकडा, अक्षर.
अ : भूकंपाच्या पहाटेला जे मोठे होते.
ब : त्यांची लेकरं, काही तेव्हा कुशीत,
काही पुढं पत्र्याच्या शेडात जन्मलेली.
क : नातवंडं, ज्यांना गाव म्हणजे
सरळ रस्त्यांची, एकसारख्या घरांची वसाहतच.

बावीस-अ म्हणजे तुळसाबाई.
डोक्याला वायरी लावून निजवली होती,
मी रात्रभर पडद्यावर तिच्या रेषा बघत बसलेला.
तीन छप्पनला रेषा उभ्या राहिल्या.
ती पडूनच, डोळे उघडे,
तळहात जमिनीवर सपाट.
सकाळी म्हणाली, "रगतात दिसती का माय, झोप?"
मॅडम गप्प.
पुढं एकोणीस वर्षं.

एकदाच जीपमध्ये समजावलं त्यांनी
(एरवी जीप औशाच्या पुढं गेली की
खिडकीवर डोकं आपटत झोपायच्या).
माझ्या डब्याच्या झाकणावर लिहिलं : वश.
वर एक टिंब दिलं.
"अक्षर एकही बदललं नाही, बघ.
शरीर अशीच टिंबं देतं, भीतीनं, भुकेनं.
पुढचा टिंबासकट उतरवून घेतो का,
एवढाच माझा प्रश्न."

एवढाच. दोनदा अनुदान थांबलं,
एकदा पेटीच हरवली सोलापूर स्टेशनात.
शेवटच्या पेपरात अ मध्ये टिंब सापडलं,
ब मध्ये पुसट,
क पुढं त्यांनी लिहिलं : सांगता येत नाही.
संचालक म्हणाले, जरा ठाम लिहा.
त्यांनी 'नाही'खाली रेघ मारली.

नायट्रोजन ओतला. धूर जिन्यापर्यंत.
मॅडम गळ्यात हार तसाच ठेवून खाली आल्या,
आकडा बघत उभ्या. सत्तर. चौऱ्याहत्तर.
झेंडूच्या पाकळ्या फरशीवर.
मग माझ्याकडं न बघता,
"मुलगी झोपते का रे तुझी आता?"

तीनशे सात-क.
नियमानं त्यांना माहीत असायला नको.
वर माइकवर कोणीतरी त्यांचं नाव घेत होतं.

"झोपते," म्हटलं. "उठते कधी कधी."

"कधी कधी म्हणजे,"
टेबलावर पेन चाचपत त्या म्हणाल्या,
"आठवड्यातून किती वेळा?"