शाळा सोडल्याचे कारण

स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं,
कारण अक्षर बरं आहे आणि मोतीबिंदू अजून उतरलेला नाही.
माजी विद्यार्थिनी संघाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या,
डॉक्टर किती, वकील किती, परदेशी किती
एवढं काढ. दोन पानं पुरेत.

मी जनरल रजिस्टर नंबर एक उघडलं.
कसरीने कडेकडेने सालं खाल्लेली.
शाळा पहिल्यांदा भरली साखर पेठेत, सरकीच्या वखारीत.
मुली अकरा, फळा एक,
मुळेबाईंपाशी घंटा नव्हतीच.
गिरणीचा भोंगा झाला की प्रार्थना,
पुढचा झाला की सुट्टी.
असं म्हणतात. रजिस्टरात भोंग्याला रकाना नाही.

रकाना आहे शेवटचा, बोटभर रुंद:
शाळा सोडल्याचे कारण.
लग्न. लग्न. प्लेगमुळे गाव सोडले. लग्न.
वडिलांची बदली, कुर्डुवाडी.
मग चौथ्या रजिस्टरात एका पानावर
गिरणी बंद,
आणि त्याखाली नुसते ठिपके, दोन-दोन,
वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे,
जिन्यावरून मुंग्या उतराव्यात तसे.
बाकी सगळीकडे एकच शब्द: घरगुती.
वकील अजून एकही सापडली नव्हती.

गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात
ऑफिसच्या दारात एक बाई उभी.
चपला बाहेर काढलेल्या, जशा आम्ही वर्गाबाहेर काढायचो.
अंबुबाई यनगंदुल. माहेरची कोंपेल्ली.
"मेंबर व्हायचंय. पैसे आणलेत."
मी फॉर्म पुढे केला. उत्तीर्ण वर्ष?
"सातवीतच सुटली की मी. आता लिवा काय लिवायचं ते."

घटनेतलं कलम तीन मला पाठ आहे:
मॅट्रिक उत्तीर्ण.
मी कलम तीन बोलले नाही. रजिस्टर काढलं.
कोंपेल्ली अंबुजा राजय्या. कारण: आई आजारी.
मोठ्यानं वाचलं तर हसली.
"आई ठणठणीत होती. मीच सांगितलं बाईंना.
काहीतरी सांगावं लागतंय ना."
मग खरं काय होतं?
तिने खिडकीतून मैदानाकडे पाहिलं,
जिथे आता सायकल स्टँड आहे.
"तुम्ही इथंच बसायचा का तेव्हा? बुचाखाली?"
मी हो म्हटलं. ती तेवढ्यावर थांबली.

मग टेबलावर पाचाची नाणी मांडू लागली,
पाच-पाचचा एक ढीग, असे चार.
पन्नास वर्षं विड्यांचे कट्टे बांधलेली बोटं
पंचविसाला आपसूक थांबत होती.
चौथ्या ढिगावर एक रुपया.
एकशे एक.

मी पावती फाडून दिली.
ती घडी घालून कनवटीला लावून गेली,
जाताना भिंतीवरचा मुळेबाईंचा फोटो
पदराने पुसून, न विचारता.

मग पाहिलं, कार्बन उलटा लागला होता.
तिचं नाव तिच्याच पावतीच्या पाठीवर
उलटं उमटून गेलं असणार.
संघाकडची प्रत कोरी.

उद्या बैठक आहे. कलम तीन निघेल.
मी पेनात शाई भरली
आणि कोऱ्या प्रतीवर हाताने लिहू लागले,
सावकाश, वळणदार,
पाटीवर गिरवल्यासारखं.