हरकती व सूचना

प्रति, नियंत्रक साहेब
(पद नवीन आहे म्हणतात, खुर्ची अजून यायची आहे)
विषय: लॉटरी कंपनीकडे देण्याबाबत.

मी सुगंधा गिरप, वेंगुर्ला बंदर.
बर्फाच्या कारखान्याला टेकून माझं टेबल.
बावीस वर्षं तिकिटं विकते,
दोरीवर चिमटे मारून, सुकत घातलेल्या बांगड्यांसारखी.
वारा सुटला की सगळ्या गावाची नशिबं
एकाच दिशेला फडफडतात.

आधी कबूल करते.
सरकारी होती म्हणून ती सोवळी नव्हती.
निकालाचा कागद एसटीच्या टपावर भिजून यायचा.
भिवा जुवाटकरांचे पाच हजार
त्यांच्या तेराव्याला मंजूर झाले.
पण सोडतीचं पिंप चारचौघांत फिरायचं.
मी एकदा मुंबईला जाऊन बघून आले.
शाळेतल्या एका मुलीने आत हात घातला,
तिची बांगडी पत्र्याला लागून वाजली.
तो आवाज मला अजून
हिशेब दिल्यासारखा वाटतो.

आता यंत्र आकडा काढणार,
दर पंधरा मिनिटांनी.
यंत्र कंपनीचं.
यंत्र तपासणाऱ्याचा पगारही
कंपनी भरेल त्या शुल्कातून.

साहेब, आमच्याकडे रापण ओढायचे.
दोराला नुसता हात लावलेल्या पोरालाही वाटा,
पाच बांगडे का होईनात.
मग पर्ससीनवाले आले, दिवे लावून.
रात्री समुद्रात शहर वसल्यासारखं दिसायचं
आणि सकाळी किनारा पुसलेल्या पाटीसारखा.
ओरड झाली. कायदा झाला. गस्तीनौका मंजूर झाली.
नौका आली तेव्हा तांडेल नव्हता,
तांडेल आला तेव्हा डिझेल नव्हतं,
दोन्ही जमलं तेव्हा
मासा नव्हता.
नियमन ह्या शब्दाची माझी ओळख एवढीच.

पास्कू फर्नांडिस, खलाशी.
पगार झाला की थेट टेबलाशी.
"सुगंधाबाय, आज बारा दी."
मी आधी त्याच्या पिशवीत बघायचे.
पिशवी रिकामी असली की, "पयलो तांदूळ घे. मगे ये."
शिव्या घालायचा. जायचा.
कधी तांदूळ घेऊन परत यायचा,
मग मी एक द्यायचे. एकच.
ह्याचं कमिशन नव्हतं.
असा नियमही कुठे नव्हता.

(एकदा दिली. बाराच्या बारा.
चतुर्थी तोंडावर होती, मलाही पैसे हवे होते.
त्याची बायको फिलू दुसऱ्या दिवशी येऊन
काही न बोलता समोर उभी राहिली.
ते माझ्या नावावर लिहून ठेवा.)

तुमचा मसुदा नातवाकडून दोनदा वाचून घेतला.
कलम सतरा:
"जबाबदारीने खेळा" असं छापणं बंधनकारक,
तिकिटाच्या मागे, बारीक अक्षरात.
पास्कूला मागचं वाचता येत नाही.
पुढचंही नाही.
आकडे तेवढे येतात.

सूचना एकच आहे.
यंत्र बसवणारच असाल
तर त्याला पिशवीत बघायला शिकवा.
नाही म्हणायला शिकवा,
शिव्या खाऊन.

माझ्या टेबलाचं काय करायचं ते करा.
चिमटे मी घरी नेईन, सुंगटं वाळवायला नाहीतरी
दोरी लागतेच.

ता. क. पोच द्यावी. मागच्या अर्जाची मिळाली नाही.
ह्या अर्जाला नियमाप्रमाणे तिकीट लावलं आहे.
बावीस वर्षांत स्वतःसाठी घेतलेलं
हे पहिलंच.
बघू, लागतं का.