हिरवा दिवा

बालस्टाच्या धक्क्यावर मी दोन दिवसांसाठी आले आहे,
बॅगेत एकशे चौदा प्रश्न.
बाहेर लाकडी मांडवांवर कॉड टांगलेत
शेपटीला शेपटी बांधून, डोक्याविना, मिठाविना.
मेपर्यंत वाऱ्यावर वाळतील
मग वर्षानुवर्षं टिकतील,
आयविन स्कारवोग सांगतो. वीज नको, काही नको.
मी वहीत लिहून घेते : वीज नको.
कुठल्या प्रश्नाखाली, ते ठरलेलं नाही.

पहिल्या दिवशी सगळेच हुशार असतात.
पासवर्ड? बारा अक्षरी.
जुने, सोडून गेलेले लोक यादीतून काढले? काढले.
अनोळखी ईमेल उघडता का?
तोरब्यर्ग, एकतीस वर्षं हिशेबाला,
चष्म्यावरून बघते :
"इटलीचं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्यांदा अनोळखीच असतं."
या उत्तराला माझ्याकडे रकाना नाही.

आणि प्रती?
रोज रात्री दोनला, सिंद्रे म्हणतो.
तो लेक्नेसहून येतो, महिन्यातून दोनदा.
मागच्या खोलीत मेणकापडी डगल्यांमागे
एक काळी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा.
आयविन तिला थोपटतो,
म्हातारी कुत्री थोपटावी तसा.

सत्तेचाळिसावा प्रश्न मी नेहमी
जरा खालच्या आवाजात विचारते :
यातून काही परत आणून पाहिलंय, कधी?

पत्र्यावरून एक सीगल चालत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मग आत्ता आणूया. एकच गोष्ट.
गेल्या उन्हाळ्यातली लागोसची बिलं.
सिंद्रे बसतो. पट्टी सरकते, अडते, सरकते.
फोल्डर उघडतात. नावं सगळी जागेवर,
जून, जुलै, ऑगस्ट,
आत काही नाही.
मासे उतरवल्यावर मांडवावर राहिलेल्या दोऱ्या.
अकरा महिने दिवा रात्री दोनला उठून
काहीच नाही ते नीट जपून ठेवत होता.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतात.
इथे बैल गोठ्यातच आहे, रवंथ करतोय.
झोपाही आहे,
भिंतीवर रंगवलेला.

खरं तर घडलेलं काहीच नाही.
पडदा काळा झाला नाही, कोणी खंडणी मागितली नाही,
तीनचा ट्रक तीनला सुटला.
तरी आयविन उलट्या क्रेटवर बसला
आणि पेटीवरचा हात त्याने
चटका बसल्यासारखा काढून घेतला.
"आज रात्री आले असते तर?"
तर उद्या सकाळी तुम्ही कोणाला फोन केला असता?
नंबरांची यादी : संगणकात.
विम्याचे कागद : संगणकात.
कुठल्या मांडवावर किती टन, कुठल्या प्रतीचं...
"ते माझ्याकडे आहे," तोरब्यर्ग म्हणते.

खणातून निळी वही निघते. पेन्सिल.
एका वादळात चार दिवस वीज गेली होती,
तेव्हापासून रोज संध्याकाळी.
कोणी सांगितलं नव्हतं. पोरं हसायची.
आयविन पानं उलटत राहतो,
सावकाश, ओठ हलवत.

प्रत : एक. जागा : खण. कुलूप : नाही.
आग लागली तर : गेली.
मला तिलाही नापास करावं लागतं.
ती मान डोलावते. "खरंय," म्हणते,
"आणि माझं अक्षर मलाच लागतं."

संध्याकाळपर्यंत दोन नव्या डिस्क मागवून झाल्या,
एक दर शुक्रवारी तार काढून बाहेर ठेवायची.
कुठे? "टांगू मांडवावर," आयविन म्हणाला.
कोणी हसलं नाही.
मग तोरब्यर्ग हसली, मग सगळे.

सत्तेचाळीससमोर मी लिहिलं :
हाक मारून पाहिली. कोणी आलं नाही.

रात्री धक्क्यावरच्या भाड्याच्या खोलीत जाग आली.
दोन वाजायला चार मिनिटं.
सिंद्रेने ती पेटी बंद केली का,
विचारायचं राहूनच गेलं.