खरवड

तारीख पडली. पुढची, जानेवारीतली.
दोन्ही वकील हसत हसत एकाच टपरीवर चहाला गेले,
भाऊ मोटारसायकलला किक मारत राहिला,
मला बघितलंच नाही असं दाखवायला
जितक्या लागतात तितक्या.

चोपड्याची गाडी रात्री साडेआठला.
पोटात सकाळची दोन मारी बिस्किटं.
रिक्षावाला म्हणाला, गंगापूर रोडला? वाईन प्यायला का, ताई?
म्हटलं, जेवायला.
त्यानं आरशात पाहिलं आणि मग गप्प चालवली.

पत्र्याची शेड. पाटीवर गॉगल घातलेला बोकड,
खाली एकच शब्द: धूर.
त्याखाली खडूनं: संपलं की संपलं.

मालक रंगनाथ पेखळे, अकरा वर्षं टेनेसीत
मोटारींची दारं बसवायचा.
शेजारच्या ओटिस नावाच्या म्हाताऱ्यानं शिकवलं म्हणे,
आगीवर नाही, धुरावर शिजव.
आणि झाकण सारखं उघडू नकोस, मटण लाजतं.
साखर कारखान्याच्या भंगारातला बॉयलर
त्यानं मागच्या अंगणात आडवा झोपवलाय,
पोटात बाभळीचे ओंडके
आणि द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, मोळ्या मोळ्या,
ज्या इथं कुणीही फुकट देतं,
वर घेऊन जा म्हणतं.

रात्री दोनला चढवतो रान.
मी पोचले सव्वाचारला.

संपलं, तो म्हणाला.
कडा उरल्यात फक्त. जळक्या.
तिकडं त्यालाच जास्त पैसे पडतात.
आणि त्याही एकच ताट, ते या साहेबांनी सांगितलंय.

साहेब म्हणजे सटाण्याचे डाळिंबवाले,
पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग.
अर्धं अर्धं करू की, ते म्हणाले,
एवढं सहज, की मला राग आला.

ताट आलं. दोन पाव, कोबी, गूळ घातलेला राजमा,
आणि मधोमध त्या काळ्या, चकचकीत कडा.
त्यांनी सुरीनं राजम्यातून एक रेघ ओढली.
हे तुमचं.

आई अशीच ओढायची. बासुंदीच्या पातेल्यात,
पळीच्या दांड्यानं, तळाशी.
इकडची खरवड याची, तिकडची हिची,
आणि भांडलात तर दोन्ही माझी.
भाऊ डोळे मिटून जीभ बाहेर काढून बसायचा,
आधी ताई खाऊ दे म्हणायचा, कारण मग त्याची जास्त वेळ पुरायची.
मी तेवढ्यात रेघ सरकवायची.
चमच्याच्या मागच्या टोकानं, बोटभर.
तीन वर्षं तरी. कदाचित चार.

ही गोष्ट वकिलाला सांगितलेली नाही.
दिंडोरीच्या शेतात आता मोजणीदार उभा राहतो यंत्र घेऊन
आणि बांध दीड फूट कुणी सरकवला
यावर आम्ही शपथेवर बोलतो.

पहिला घास. बाहेर कोळसा,
आत इतकं मऊ की दातांना काही कामच नाही,
आधी तिखट, मग गूळ, मग बऱ्याच वेळानं
नुसता धूर, नाकातून परत येणारा.
मी पाव विसरले. कोबी विसरले.

डाळिंबवाल्यांना फोन आला,
ते बॉयलरपाशी जाऊन कुणावर तरी ओरडायला लागले,
क्रेट, क्रेट, अहो क्रेट मोजा.
आणि मी, त्रेपन्न वर्षांची, दोन नातवंडांची आजी,
रेघेपलीकडची एक कड उचलली
आणि न चावता गिळली.

ते आले. ताटाकडं पाहिलं.
खुर्ची ओढून बसले आणि उरलेल्यातली सगळ्यात काळी कड
सुरीच्या टोकानं माझ्याकडं ढकलली.
खा. आमच्या बहिणीलाही करपलेलंच आवडतं.

पैसे मी देते म्हटलं. त्यांनी देऊ दिले,
हे मात्र बरं केलं.

राहूड घाटात शेजारची बाई जागी झाली,
हुंगत म्हणाली, काही जळतंय का हो गाडीत?
माझा पदर आहे, मी म्हटलं.
तिनं पदर बघितला, मग मला,
आणि खिडकी बोटभर सरकवली.