अर्धायुष्य

नंदेसरीच्या अलीकडे, रयजीभाईंच्या बोअरला
पाणी येतं कोऱ्या चहाच्या रंगाचं.
मी बाटली भरते, बर्फात ठेवते,
वेळ लिहिते : अकरा चाळीस.

दांडिया बाजारातल्या घरी
बाबांच्या बनियनला, धुऊन धुऊन,
काखेत उरलेली गुलाबी झाक.
रंगखात्यात एकोणीस वर्षं.
आई म्हणायची, जाईल हळूहळू.

हळूहळूचं गणित मी पुढे शिकले :
अमुक दिवसांत निम्मं, मग निम्म्याचं निम्मं,
शून्य कुठल्याच ओळीत येत नाही.
आणि मोडतं तेही नुसतं मोडत नाही,
दुसरंच काही होऊन बसतं
ज्याचं नाव आमच्या यादीत नसतं.

"बेन, भेंसला तरी चालेल ना?"
रयजीभाई विचारतात.
म्हैस केव्हाची पितेय.

मी लेबलवरची वेळ खोडते,
परत तीच लिहिते.