ऋण घात

खडू संपले होते. तारिसाई बाई
पांढऱ्या मातीच्या ढेकळाने लिहायच्या,
आणि लिहायच्या मोठं, मागच्या बाकाला दिसावं म्हणून.
त्या जुलैत पावाची किंमत लिहिताना
शून्यं फळ्याची चौकट ओलांडून भिंतीवर गेली.
गारिकाई म्हणाला, बाई, पुढची दोन बाहेर अंगणात काढू का?

हसलो सगळे. उपाशी पोटी हसलं
की बरगडीखाली दुखतं.

बाईंनी ओल्या फडक्याने भिंत पुसली.
एक, गुणिले दहा,
आणि दहाच्या खांद्यावर, जत्रेत पोर बसवावं तसा,
एक छोटा अकरा.
"हाच तो पाव," म्हणाल्या. "वजन तेवढंच."

मग आम्ही सगळंच तसं लिहू लागलो.
कोंबीचं भाडं: तीन, दहाचा दहावा घात.
आईच्या महिनाभराच्या शिवणकामाचे:
दोन, दहाचा बारावा घात.
भागून पाहिलं.
वीस पाव.

ऑगस्टात बँकेने नोटांवरची दहा शून्यं
एका रात्रीत काढून टाकली.
अकराचा एक झाला.
"रीत बरोबर आहे," बाई म्हणाल्या,
"भागाकारात घातांक वजा होतात."
रांग मात्र होती तिथेच होती,
बेकरीच्या दारापासून जॅकरांडापर्यंत.

जॅकरांडा जांभळा झाला तेव्हा नळ कोरडे होते.
बुदिरिरोत आम्ही उथळ विहिरी खणल्या.
बाईंनी त्या दिवशी उलटा धडा घेतला:
चिन्ह उजवीकडे सरकत जातं, घात ऋण होतो.
केसाची जाडी. पिठाचा कण.
मग दोन, दहाचा उणे सहावा घात, मीटर.
"हा एक जंतू. स्वल्पविरामासारखा वाकडा.
पाणी उकळून प्या."
वीज नव्हती. लाकडाची मोळी
कितव्या घातात होती, आठवत नाही.

सोमवारी गारिकाईचा बाक रिकामा.

आता मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते.
एक थेंब नऊ थेंबांत, त्यातला एक पुढच्या नऊंत,
नळ्यांवर लिहीत जाते उणे एक, उणे दोन,
उणे सहापाशी हात थोडा थांबतो.
ऋण म्हणजे देणंही. कुणाचं,
ते लिहायला लेबलावर जागा नसते.

एकदा दुपारी नोंदवहीच्या कडेला
त्यालाही त्याच रीतीने लिहून पाहिलं:
एक, गुणिले दहाचा शून्यावा घात.

खोडलं नाही. वही तशीच जमा केली.