दोनशे अडुसष्ट

मुंबईपासून दोनशे अडुसष्ट मैल.
भादलीजवळ, रुळाच्या डाव्या अंगाला
तो दगड उभा होता, गोऱ्या साहेबाच्या वेळेपासून.
दर दिवाळीआधी त्याला
पांढरा चुना आणि काळे आकडे माझा बाप द्यायचा.
सुपडू तायडे, पेंटर खलाशी.
शाळा दुसरी. पण दोन असा काढायचा
की त्याच्या शेपटीवर पाखरू बसावं.

मग हुकूम आला. मैल संपले, आता किलोमीटर.
गाडी तीच, रूळ तेच,
कागदावर मात्र भुसावळ
एका रात्रीत दीडपटीनं लांब गेलं.

गँगवाल्यांनी दगड उपटले.
बापानं एक सायकलला बांधला, चालत घरी आणला.
"फेकूच राहिले होते, मंग आणला."
माय म्हणाली, "धुण्याले बरा."

पंधरा बंगल्यामागच्या आमच्या चाळीत
ती त्याच्यावर कपडे आपटत राहिली.
भाऊ शेडमध्ये. आधी त्याच्या पँटीतून
कोळशाचं काळं पाणी निघायचं,
मग डिझेलचा ओशट वास, जो सोड्यानंही जाईना.
मग वरून तार आली,
आणि पाणी एकाएकी इतकं नितळ
की मायला वाटलं, पोरगा कामावर जातोय की नाही.

बाप गेल्यावर कितीतरी वर्षांनी
ऑफिसातून दोघं आले, फाईल घेऊन.
प्रदर्शन आहे. जुना मैलाचा दगड हवा.
माय म्हणाली, "मंग मी धुऊ कशावर?"
त्यांनी शहाबादी फरशी कबूल केली.

चौघांनी मिळून दगड उलटा केला.
खाली दोन गोमा, ओली माती,
आणि आकडा. अख्खा. काळाभोर.
दोनाची शेपटी जशीच्या तशी.
आम्ही मायकडे पाहिलं.
अंगठेबहाद्दर बाई,
पदरानं हात पुसत म्हणाली,
"त्याच्या अक्षरावर कसं आपटू?"

आता तो काचेमागे आहे, दिव्याखाली.
पाटीवर सन आहे, वजन आहे.
मायला नेलं एकदा.
तिनं आकड्याकडे बघितलंही नाही,
वळसा घालून मागे गेली,
भिंत आणि दगड यांच्या फटीत वाकली.
रखवालदार ओरडला, "ओ आजी!"

"थांब रे भाऊ," ती म्हणाली,
"नीळ ऱ्हायली का पाहू राहिली."